नाताळ आणि बालवयांतील दातृत्व

नाताळ जवळ आला कीं घरोघरीं करंज्या तळण्याची घाई सुरू होते, आणि मुलांच्या मुखीं एकच प्रश्न असतो : "मला काय मिळणार?" ह्याबद्दल मुलांस दोष देणें योग्य नव्हे. घेण्याची संवय आपण त्यांस कृतीनें लावितों. देण्याची मात्र नुसत्या उपदेशानें लागेल अशी आशा धरितों.

ह्या कामीं आमच्याच हातून एकदां चूक घडली. "गरीब मुलांसाठीं घरांतील जुनीं खेळणीं आणा," असें आम्हीं वर्गास सांगितलें. टोपली भरली, आम्हांस धन्यता वाटली. परंतु वांटपाच्या वेळीं एका चिमुरडीच्या वांट्यास हात तुटलेली बाहुली आली. तिनें ती न्याहाळून शांतपणें विचारिलें, "गुरुजी, हिचा दुसरा हात कोणाला दिला?" आम्ही निरुत्तर झालों. आम्हीं मुलांस दान नव्हे, तर अडगळ काढणें शिकविलें होतें.

मार्ककृत शुभवर्तमानाच्या १२ व्या अध्यायांतील विधवेनें भांडारांत दोनच क्षुल्लक नाणीं टाकिलीं. तरी प्रभूनें तिचें दान श्रीमंतांच्या दानाहून थोर मानिलें. कारण त्यांनीं उरलेलें दिलें, तिनें लागणारें दिलें. हाच भेद बालकास समजला पाहिजे.

म्हणून पालकांनीं मुलाच्या वांट्याचा फराळ त्याच्या स्वाधीन करावा. त्यांतील न मोडलेल्या करंज्या त्यानें स्वतः निवडाव्या व स्वतःच्या हातानें नेऊन द्याव्या. दिवाळींत ज्यांचें ताट आपल्याकडे आलें त्यांस तर द्याव्याच; पण जेथून परत कांहीं येण्याचा संभव नाहीं, तेथेंही द्याव्या. सक्ती मात्र करूं नये. हिसकावून देवविलेलें दान मुलाचें नसून आपलें असतें.

तसेंच फार वाहवाही करूं नये. सांताक्लॉज हें नांव ज्यांच्यावरून पडलें, ते ४ थ्या शतकांतील मुरा नगरचे बिशप निकोलस यांनीं एका गरीब पित्याच्या घरांत, त्याच्या तीन मुलींच्या विवाहासाठीं, रात्रीं गुपचूप द्रव्य टाकिलें अशी परंपरागत कथा आहे. देणाऱ्याचें नांव झांकलें, म्हणजे घेणाऱ्याची मान ताठ राहते.

पुढील वर्षीं आमच्या वर्गांतील एका मुलानें आपला आवडता भोंवरा टोपलींत ठेविला, पुन्हां उचलिला, आणि शेवटीं ठेवून दिला. त्याचे डोळे पाणावले होते. आम्ही कांहींच बोललों नाहीं. केवळ त्याच्या पाठीवर हात ठेविला. त्या टोपलींत त्या वर्षीं तुटकें असें कांहीं नव्हतें.