‘नैसर्गिक’ मलमाचा ताळेबंद

अलीकडे आपल्या महिला मंडळांतून, भिशीच्या बैठकांतून आणि मोबाईलवरील गटांतून एका मलमाची चर्चा वारंवार कानी येते. चाळिशी ओलांडलेल्या भगिनींच्या अंगातून अचानक निघणाऱ्या वाफा, मध्यरात्री घामाने मोडणारी झोप, पाळीची अनियमितता, विनाकारण येणारी चिडचिड, या साऱ्यांवर हे ‘नैसर्गिक हार्मोन क्रीम’ गुणकारी आहे असे सांगितले जाते. मनगटाच्या आतल्या बाजूस किंवा पोटावर थोडेसे चोळावे; गोळी नको, इंजेक्शन नको आणि डॉक्टरांपुढे तोंड उघडणेही नको. या शेवटच्या सोयीतच त्याच्या खपाचे रहस्य दडलेले आहे, असे मला वाटते.

आपल्या एकत्र कुटुंबांत सून आजारी पडली तर दहा जण धावून येतात. परंतु पाळी जाण्याच्या काळातील त्रासाविषयी सासूबाई बोलत नाहीत, जाऊबाई विचारीत नाहीत आणि दुकानातून रात्री नऊ वाजता परतणाऱ्या यजमानांना त्याची कल्पनाही नसते. मार्चअखेरीच्या दिवसांत शाखेत खातेवह्या जुळविताना भर गर्दीत माझा चेहरा लाल होऊन कपाळावर घाम निथळत असे, तेव्हा शेजारचे सहकारी पंखा वाढवीत. बोलत मात्र कोणी नसे. अशा मौनात जो कोणी ‘तुमचा त्रास मला समजतो’ असे म्हणतो, त्याचा माल खपणारच. म्हणून हे मलम वापरणाऱ्या भगिनींना भोळे ठरविण्याचा माझा हेतू नाही. त्रास खरा आहे. प्रश्न आहे तो मलमाच्या पतीचा. आणि पत तपासणे हा तर माझा आयुष्यभराचा व्यवसाय होता.

प्रथम शरीरात काय घडते ते पाहू. स्त्रीच्या अंडाशयात मुख्यतः दोन संप्रेरके तयार होतात, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन. इस्ट्रोजेन गर्भाशयाचे अस्तर वाढविते. स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतर तयार होणारे प्रोजेस्टेरॉन त्या वाढीला आवर घालते. चाळिशीनंतर कित्येक महिने स्त्रीबीजच बाहेर पडत नाही. त्या महिन्यांत प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही, इस्ट्रोजेन मात्र कधी फार तर कधी अगदी कमी असे हेलकावे खाते. पाळी कधी पंधरा दिवसांनी, कधी तीन महिन्यांनी, कधी अतिशय अंगावर जाणारी, असे होते ते यामुळेच. पुढे दोन्ही संप्रेरके ओसरतात. सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे वैद्यकशास्त्र मानते. पाश्चात्त्य देशांत हे वय सरासरी ५१ च्या आसपास आहे. आपल्याकडे ते ४६-४७ धरले जाते.

आता या मलमाचा उगम. तो मोठा मनोरंजक आहे आणि व्यापारी घराण्यांतील वाचकांना विशेष रुचावा. १९३० च्या दशकात प्रोजेस्टेरॉन प्राण्यांच्या अवयवांपासून अत्यल्प प्रमाणात मिळे आणि त्याचा भाव अतिशय चढा असे. रसेल मार्कर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने वनस्पतींतील ‘डायोसजेनिन’ नावाच्या द्रव्यापासून प्रोजेस्टेरॉन तयार करण्याची पद्धत शोधून काढली. त्यासाठी योग्य कंद शोधीत तो १९४२ मध्ये मेक्सिकोतील व्हेराक्रूझ प्रांतात पोहोचला. तेथील एका लहान दुकानदाराने त्याला तो रानकंद मिळवून दिला. आपल्याकडील कोनफळ आणि करांदा ज्या कुळातले, त्याच कुळातला हा कंद. औषध कंपन्यांनी पाठ फिरविली तेव्हा मार्करने मेक्सिको शहरातच भागीदार गाठले आणि १९४४ मध्ये ‘सिंटेक्स’ ही कंपनी उभी राहिली. प्रोजेस्टेरॉनचा भाव मग झपाट्याने उतरला. (भागीदारांशी न पटल्यामुळे मार्कर वर्षभरातच बाहेर पडला, ही गोष्टही व्यापाऱ्यांना ओळखीची वाटेल.)

या कथेतील एक बाब मलमाच्या जाहिरातींत गाळली जाते. कंदातील डायोसजेनिनचे प्रोजेस्टेरॉन होते ते प्रयोगशाळेत, रासायनिक क्रियांच्या अनेक पायऱ्यांनंतर. मानवी शरीरात ही क्रिया घडवून आणणारी यंत्रणाच नाही. डायोसजेनिन आपल्या घरच्या मेथीतही असते. परंतु मेथीचे लाडू खाऊन कोणाच्या रक्तातील प्रोजेस्टेरॉन वाढत नाही. तद्वतच नुसत्या रानकंदाचा अर्क घातलेले मलम अंगाला चोळल्याने शरीराला संप्रेरक मिळत नाही. ऑस्ट्रेलियात २३ स्त्रियांवर याची रीतसर परीक्षा झाली व २००१ मध्ये ती प्रसिद्ध झाली. प्रत्येकीने तीन महिने रानकंदाचे मलम आणि तीन महिने तसेच दिसणारे साधे मलम वापरले; कोणते केव्हा, हे तिला ठाऊक नव्हते. अपाय काही झाला नाही, पण त्रासात म्हणण्यासारखा फरकही पडला नाही.

दुसऱ्या प्रकारच्या मलमात प्रयोगशाळेत तयार केलेले खरे प्रोजेस्टेरॉन असते. त्याची कथा निराळी आहे. जॉन ली या अमेरिकन डॉक्टरांनी १९९० च्या दशकात पुस्तके व व्याख्याने यांद्वारे त्याचा जोरदार पुरस्कार केला. त्या काळी रजोनिवृत्तीनंतर सर्रास दिल्या जाणाऱ्या संप्रेरकांपेक्षा शरीरातल्याच रेणूसारखे प्रोजेस्टेरॉन बरे, हा त्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. त्यानंतर जुलै २००२ मध्ये एक घटना घडली. अमेरिकेत १६,६०८ स्त्रियांवर चाललेली संप्रेरक गोळ्यांची मोठी चाचणी मुदतीपूर्वीच थांबविण्यात आली, कारण गोळ्या घेणाऱ्यांत स्तनाचा कर्करोग व पक्षाघात यांचे प्रमाण वाढलेले दिसले. जगभर घबराट पसरली. लक्षावधी स्त्रियांनी गोळ्या सोडल्या आणि त्यांतील कित्येकींनी ‘नैसर्गिक’ मलमाची वाट धरली.

येथे आकडे नीट वाचावयास हवेत. स्तनाच्या कर्करोगातील वाढ होती दरवर्षी १०,००० स्त्रियांमागे ८ एवढी. शिवाय त्या चाचणीतील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, म्हणजे पाळी जाऊन एक तप उलटलेल्या स्त्रिया बहुसंख्य. पन्नाशीच्या आतबाहेरील, नुकताच त्रास सुरू झालेल्या स्त्रीला तो निष्कर्ष जसाच्या तसा लागू होत नाही, असे आता तज्ज्ञ मानतात. शेकड्यातील वाढ सांगावयाची आणि मूळ रक्कम सांगावयाची नाही, ही युक्ती ठेवींच्या जाहिरातींतही आढळते.

मग प्रोजेस्टेरॉनच्या मलमाचा उपयोग होतो की नाही? १९९९ मध्ये अमेरिकेत १०२ स्त्रियांवर वर्षभर चाचणी झाली. रोज २० मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉन असलेले मलम लावणाऱ्यांपैकी ज्या ३० जणींना अंगातून वाफा येण्याचा त्रास होता, त्यांतील २५ जणींना आराम वाटला. साधे मलम लावणाऱ्या २६ जणींपैकी केवळ ५ जणींना. हाडांच्या घनतेत मात्र दोन्ही गटांत फरक पडला नाही. मलमाचे विक्रेते पहिला आकडा सांगतात, दुसरा सांगत नाहीत. आणि पुढे काय झाले हेही सांगत नाहीत. २००३ मध्ये ऑस्ट्रेलियात ८० स्त्रियांवर १२ आठवडे रोज ३२ मिलिग्रॅमच्या मलमाची चाचणी झाली. ना वाफा कमी झाल्या, ना मन:स्थिती सुधारली. २००९ मध्ये इंग्लंडमधील २२३ स्त्रियांना ५ ते ६० मिलिग्रॅमपर्यंत निरनिराळ्या मात्रा २४ आठवडे देण्यात आल्या. साध्या मलमाहून सरस फळ कोणत्याही मात्रेत मिळाले नाही. एका लेखापरीक्षकाचा अहवाल अनुकूल आणि दोघांचा प्रतिकूल असेल, तर मी त्या खात्याला कर्ज मंजूर केले नसते.

या अपयशाचे कारण त्वचा. ती प्रोजेस्टेरॉनला सहजासहजी आत जाऊ देत नाही आणि रक्तात त्याची पातळी अल्पच राहते. लाळेच्या तपासणीत मात्र आकडा फुगलेला दिसतो, म्हणून मलमाबरोबर लाळेचीच चाचणी सुचविली जाते. हेच प्रोजेस्टेरॉन तोंडावाटे घेतले तर गोष्ट बदलते. कॅनडातील २०१२ च्या चाचणीत रात्री झोपताना ३०० मिलिग्रॅमची मात्रा घेणाऱ्या स्त्रियांच्या वाफा व रात्रीचा घाम लक्षणीयरीत्या कमी झाला. या औषधाने गुंगी येत असल्याने ते रात्रीच देतात. आपल्याकडे ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते.

येथवरचा हिशेब केवळ पैशांच्या अपव्ययाचा झाला. खरा धोका पुढेच आहे. एखादी भगिनी वाफांसाठी इस्ट्रोजेनची गोळी, पट्टी किंवा जेल घेत असेल आणि तिचे गर्भाशय काढलेले नसेल, तर अस्तर आटोक्यात ठेवण्यासाठी प्रोजेस्टेरॉन किंवा त्यासारखे औषध जोडीला द्यावेच लागते. एकट्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो, हे १९७५ पासून ज्ञात आहे. या जोडऔषधाऐवजी ‘ते रासायनिक, हे नैसर्गिक’ म्हणून मलम वापरले, तर अस्तराला संरक्षण मिळेल याचा भरवसा नाही. स्त्री मात्र आपण दोन्ही औषधे घेत आहोत अशा समजुतीत निश्चिंत राहते. तारण नसलेले कर्ज वहीत सुरक्षित म्हणून दाखवावे, तसा हा प्रकार.

‘नैसर्गिक’ या शब्दाची एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. पर्युषणात किंवा यात्रेला जाताना पाळी पुढे ढकलण्यासाठी ज्या गोळ्या आपल्या घरांतून घेतल्या जातात, त्यांतील नॉरएथिस्टेरॉन हे प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणारे मानवनिर्मित संप्रेरकच आहे. ती गोळी औषधाच्या दुकानातून आणताना ती नैसर्गिक आहे काय, असे कोणी विचारीत नाही. ज्यांना पूर्वी रक्ताची गुठळी झाली असेल किंवा यकृताचा विकार असेल, त्यांनी तरी ती डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये.

आपल्या वाचकांचा आणखी एक प्रश्न रास्त आहे: यात हिंसा कितपत? २००२ च्या चाचणीतील इस्ट्रोजेन गाभण घोड्यांच्या मूत्रापासून काढलेले होते. ते अमेरिकेत १९४२ पासून विकले जाते आणि त्यासाठी गाभण घोड्या महिनोन्‌महिने अरुंद ठाणांत बांधून ठेवल्या जातात. हे औषध नको असे म्हणण्याचा श्राविकेला पूर्ण अधिकार आहे, आणि त्यासाठी उपचारच नाकारण्याची गरज नाही. पट्टी व जेल या रूपांत मिळणारे इस्ट्राडायोल वनस्पतिजन्य द्रव्यांपासून तयार होते. प्रोजेस्टेरॉन कंदापासून किंवा सोयाबीनमधील द्रव्यापासून तयार करतात. अंतिम रेणू एकच. कंदमुळाचा त्याग करणाऱ्यांनी औषधातील अशा द्रव्याकडे कसे पाहावे, हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा व गुरुजनांना विचारण्याचा विषय आहे. प्रोजेस्टेरॉनच्या मऊ कॅप्सूलचे आवरण मात्र बहुधा जिलेटिनचे असते, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासूनचे. डॉक्टरांना हे आधीच सांगावे व पर्याय विचारावा. मलमांतही मेंढीच्या लोकरीतून निघणारे लॅनोलिन किंवा मेण असू शकते. डबीवर हिरवे पान छापले म्हणून आतला माल शाकाहारी ठरत नाही.

मलम घरात आलेलेच असेल, तर त्याच्या डबीवरील बारीक अक्षरे भिंग घेऊन वाचावीत. ‘डायोस्कोरिया एक्स्ट्रॅक्ट’ एवढेच लिहिले असेल तर त्यात संप्रेरक नाही. ‘प्रोजेस्टेरॉन’ असे लिहिले असेल तर ते औषध आहे. ते किती मिलिग्रॅम, कोणी बनविले, बॅच क्रमांक कोणता, हे त्यावर हवेच. काहीच लिहिले नसेल तर बिल नसलेल्या मालाचे आपण दुकानात जे करतो तेच करावे. संप्रेरक असलेले कोणतेही मलम लावून नातवंडांना कडेवर घेऊ नये. इस्ट्रोजेनचा फवारा वापरणाऱ्या स्त्रियांच्या त्वचेवरून ते लहान मुलांच्या अंगी गेल्याच्या तक्रारींवरून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० मध्ये इशारा दिला होता.

वाफांवर सर्वांत परिणामकारक औषध आजही इस्ट्रोजेनच आहे. ज्यांना ते चालत नाही त्यांच्यासाठी संप्रेरक नसलेली औषधेही आहेत. डॉक्टरांकडे जाताना मागील सहा महिन्यांच्या पाळीच्या तारखा, चालू असलेल्या सर्व गोळ्या आणि ते मलमही बरोबर न्यावे. आई-बहिणीला स्तनाचा कर्करोग झाला असेल तर ते सांगावे. थायरॉईडची तपासणी करून घ्यावी, कारण त्याच्या विकारातही घाम, धडधड, निद्रानाश हीच लक्षणे दिसतात. चौविहार पाळणाऱ्या भगिनींनी सूर्यास्तानंतर औषध घेता येणार नाही हेही स्पष्ट सांगावे, म्हणजे वेळ व औषधाचा प्रकार त्याप्रमाणे ठरविता येईल. यजमान बरोबर आले तर उत्तम; बाहेर बाकावर नव्हे, आत.

आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी कोणत्याही मलमाची वाट न पाहता त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे. सोनोग्राफीत गर्भाशयाच्या अस्तराची जाडी मोजतात. ती ४ मिलिमीटरपर्यंत असेल तर कर्करोगाची शक्यता फार कमी असते; त्याहून अधिक असेल किंवा रक्त पुन्हा दिसले, तर अस्तराचा लहानसा तुकडा काढून तपासणीस पाठवितात.