जावा ॲप्लिकेशन सर्व्हर : निवड कशी करावी?

ग्रामपंचायतीत एखादा खातेदार घरपट्टी भरावयास येतो, तेव्हा लिपिकाला तीन ठिकाणी लेखणी चालवावी लागते. नमुना १० ची पावती द्यावयाची, नमुना ९ च्या मागणी नोंदवहीत वसुली दाखवावयाची आणि नमुना ५ च्या रोकडवहीत रक्कम जमा धरावयाची. यांपैकी दोन नोंदी झाल्या आणि तिसरी राहिली, तर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो. हे काम संगणकाकडे सोपविले म्हणून ही जबाबदारी संपत नाही. ती केवळ दृष्टीआड होते. मध्येच वीज गेली आणि तिसरी नोंद होऊ शकली नाही, तर आधीच्या दोन नोंदी आपोआप रद्द व्हावयास हव्यात. जेथे एकाच वेळी हजारो अर्जदार खिडकीशी उभे असतात, अशा मोठ्या संगणक प्रणालींत ही दक्षता कोण घेते, हा प्रश्न खरेदीच्या वेळी क्वचितच विचारला जातो.

अशा पुष्कळशा प्रणाली जावा या भाषेत लिहिलेल्या असतात. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने ही भाषा १९९५ मध्ये प्रसिद्ध केली. एकदा लिहिलेली आज्ञावली कोणत्याही बनावटीच्या संगणकावर चालावी, हा तिच्यामागील हेतू होता. प्रत्येक प्रणालीत दोन प्रकारची कामे असतात. आकारणी कशी करावी, सूट कोणाला द्यावी, ही त्या त्या कार्यालयाची स्वतःची कामे होत. परंतु नोंदी एकसंध ठेवणे, डेटाबेसकडे जाणाऱ्या मोजक्या वाहिन्या शेकडो अर्जदारांत वाटून देणे, प्रवेश करणाऱ्याची ओळख पटविणे आणि एक यंत्र बंद पडल्यास काम दुसऱ्यावर सोपविणे, ही कामे सर्वांना सारखीच लागतात. ती दर वेळी नव्याने लिहावी लागू नयेत म्हणून तयार करून ठेवलेली व्यवस्था म्हणजे ॲप्लिकेशन सर्व्हर. नावामुळे एखादे यंत्र डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात ही यंत्रावर बसविलेली आज्ञावलीच असते.

मानक आणि त्याची मर्यादा

ॲप्लिकेशन सर्व्हर अनेक कंपन्या तयार करतात. त्यांच्यात एकवाक्यता असावी म्हणून सन कंपनीने डिसेंबर १९९९ मध्ये जे२ईई हे मानक प्रसिद्ध केले. पुढे त्याचे नाव जावा ईई झाले आणि २०१८ पासून ते जकार्ता ईई या नावाने ओळखले जाते. सर्व्हरने कोणत्या सेवा द्याव्यात आणि आज्ञावलीने त्या कशा मागाव्यात, हे या मानकात ठरवून दिलेले असते. मानक पाळून लिहिलेली आज्ञावली एका कंपनीच्या सर्व्हरवरून दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर नेता यावी, असे त्यामागील आश्वासन आहे.

हे आश्वासन बऱ्याच अंशी खरे ठरते. पूर्णपणे मात्र नाही. प्रत्येक कंपनी मानकाबाहेरच्या काही स्वतःच्या सोयी देते आणि काम लवकर उरकावे म्हणून आज्ञावली लिहिणारे त्या मोकळेपणाने वापरतात. त्या सोयी वाईट असतात असे नव्हे. परंतु प्रत्येक सोयीबरोबर परतीची वाट थोडी अरुंद होते आणि हे दहा वर्षांनी, सर्व्हर बदलण्याची वेळ आली की मगच उमगते. म्हणूनच सर्व्हरांची तुलना करताना त्यांच्या गुणांच्या यादीपूर्वी ते सोडताना काय खर्च पडेल, हे पाहणे अधिक शहाणपणाचे होय.

बाजारातील पर्याय

वेबलॉजिक हा या क्षेत्रातील सर्वांत जुन्या सर्व्हरांपैकी एक. तो १९९८ मध्ये बीईए सिस्टिम्स या कंपनीकडे आणि २००८ मध्ये तिच्यासह ओरॅकलकडे गेला. अनेक यंत्रांचा समूह करून त्यांच्यात काम वाटणे आणि एका यंत्रावर अर्धवट भरलेला अर्ज ते यंत्र बंद पडताच दुसऱ्यावर जसाच्या तसा पुढे चालू ठेवणे, यात त्याची ख्याती आहे. ओरॅकलचाच डेटाबेस असलेल्या कार्यालयांना तो विशेष जवळचा वाटतो.

आयबीएमचा वेबस्फिअर १९९८ मध्ये आला. बँका व विमा कंपन्यांच्या जुन्या, अवजड प्रणाली त्याने वर्षानुवर्षे वाहिल्या. तो स्वतःही तितकाच अवजड होता आणि हे ओळखून आयबीएमने २०१२ मध्ये लिबर्टी ही सुटसुटीत रचना आणली. तीत लागतील तेवढेच भाग जोडावयाचे असतात. तिचा गाभा २०१७ मध्ये ओपन लिबर्टी या नावाने मुक्त स्रोत, म्हणजे कोणालाही पाहता व वापरता येईल असा, करण्यात आला.

जेबॉसचा प्रवास याच्या उलट दिशेने झाला. तो १९९९ मध्ये मुक्त स्रोत म्हणूनच जन्माला आला आणि २००६ मध्ये रेड हॅट कंपनीने तो घेतला. आज त्याची दोन रूपे आहेत. वाइल्डफ्लाय हे विनामूल्य रूप आणि जेबॉस ईएपी हे वार्षिक वर्गणीचे रूप. २०१९ मध्ये आयबीएमने रेड हॅट कंपनीच विकत घेतल्यामुळे एकेकाळचे हे प्रतिस्पर्धी आता एकाच मालकाच्या छताखाली आहेत. ग्लासफिश हा खुद्द सन कंपनीने मानकाचा नमुना म्हणून वाढविलेला सर्व्हर. २०१३ मध्ये ओरॅकलने त्याचा व्यापारी आधार थांबविण्याचे जाहीर केले आणि त्यातून पुढे पायारा हा निराळा सर्व्हर उभा राहिला.

पूर्ण सर्व्हर खरोखर हवा का?

वर सांगितलेल्या सर्वांहून अधिक परिचित नाव टॉमकॅटचे आहे. अपाची फाउंडेशनचा हा विनामूल्य सर्व्हर मानकाचा केवळ एक भाग देतो. ब्राउझरकडून आलेली मागणी आज्ञावलीपर्यंत पोहोचविणे आणि उत्तर परत नेणे, हे त्याचे मुख्य काम. डेटाबेसच्या वाहिन्या वाटून देण्याची सोयही त्यात आहे. मग पूर्ण सर्व्हरवर खर्च कशासाठी करावयाचा?

याचे उत्तर घरपट्टीच्या उदाहरणातच मिळते. पावती, मागणी नोंदवही आणि रोकडवही एकाच डेटाबेसमध्ये असतील, तर तिन्ही नोंदी एकत्र करणे किंवा एकत्र रद्द करणे हे काम तो डेटाबेसच करतो. येथे टॉमकॅट पुरेसा आहे. परंतु रोकडवही एका डेटाबेसमध्ये आणि मागणी नोंदवही दुसऱ्याच डेटाबेसमध्ये असेल, तर दोन्हींना एकमेकांची वार्ता नसते. मध्यस्थाने आधी दोघांनाही ‘नोंद करण्यास सिद्ध आहात काय?’ असे विचारावयाचे आणि दोघांचा होकार आल्यावरच ‘नोंद करा’ असा आदेश द्यावयाचा. एकाने नकार दिला तर दोघांनीही हात मागे घ्यावयाचा. ही दोन टप्प्यांची मध्यस्थी वेबलॉजिक, वेबस्फिअर, जेबॉस यांसारखे पूर्ण सर्व्हर स्वतः करतात. टॉमकॅटमध्ये ती मुळात नाही, बाहेरून जोडावी लागते. कार्यालयांतील पुष्कळशा प्रणाली एकाच डेटाबेसवर चालतात. तरीही निविदांत पूर्ण सर्व्हरची मागणी होते, कारण मागील निविदेत ती होती. २०१४ पासून स्प्रिंग बूट या साधनाचा प्रसार झाल्यावर तर टॉमकॅटसारखा लहान सर्व्हर आज्ञावलीच्या पोटातच ठेवून देण्याची पद्धत रूढ झाली आहे.

विकतचे आणि फुकटचे

व्यापारी सर्व्हरची किंमत सामान्यतः प्रोसेसरच्या क्षमतेवर ठरते. यंत्र अधिक शक्तिमान घेतले की परवान्याचा खर्च वाढतो, ही बाब अंदाजपत्रकात नेहमी निसटते. ओरॅकलच्या प्रचलित पद्धतीत परवानामूल्याच्या २२ टक्के रक्कम दर वर्षी देखभालीपोटी आकारली जाते. अर्थात पाच वर्षांत ही रक्कम मूळ किमतीच्याही पुढे जाते. प्रकल्प संपतो, अनुदान संपते, पण हे देयक दर वर्षी येतच राहते.

याउलट ‘विनामूल्य’ या शब्दावरही फार भिस्त ठेवू नये. वाइल्डफ्लायची नवी आवृत्ती सुमारे दर तीन महिन्यांनी निघते आणि दोष दुरुस्त होतात ते नव्या आवृत्तीत. जुनी आवृत्ती तशीच ठेवून तिला वर्षानुवर्षे दुरुस्त्या मिळाव्यात अशी अपेक्षा असेल, तर जेबॉस ईएपीची वर्गणीच भरावी लागते. दर तिमाहीस नवी आवृत्ती तपासून बसविणारा माणूस कार्यालयात आहे काय, यावर येथे फुकटाचे मोल ठरते. भारत सरकारने २०१५ मध्ये जाहीर केलेल्या धोरणानुसार केंद्रीय प्रकल्पांत मुक्त स्रोत आज्ञावलीचा विचार प्राधान्याने करावयाचा आहे; राज्यांनाही ते धोरण स्वीकारता येते. या धोरणामुळे परवान्याचा खर्च वाचू शकतो, देखभालीचा वाचत नाही.

देखभाल राहिली की काय होते, हे २०१६ मध्ये दिसून आले. सॅमसॅम या नावाने ओळखल्या गेलेल्या खंडणीखोर टोळीने जुन्या जेबॉस सर्व्हरांतील त्रुटींचा लाभ घेऊन संगणकांत शिरकाव केला. एप्रिल २०१६ मध्ये सिस्कोच्या सुरक्षा संशोधकांनी इंटरनेटवर शोध घेतला, तेव्हा सुमारे १,६०० पत्त्यांवर चोरवाटा आधीच उघडून ठेवलेल्या आढळल्या. त्यांत शाळा होत्या, शासकीय कार्यालये होती. शाळांपैकी अनेकांकडे ग्रंथालयातील पुस्तकांची नोंद ठेवणारी एक आज्ञावली होती आणि तिच्या आत हा सर्व्हर बसविलेला होता. त्रुटीवरील दुरुस्ती कित्येक वर्षांपूर्वीच उपलब्ध झाली होती. पण आपण पुस्तकांची आज्ञावली घेतली तेव्हा तिच्याबरोबर जेबॉसही घरात आला, हे एखाद्या ग्रंथपालाला कसे कळावे? व्यापारी सर्व्हरही यातून सुटलेले नाहीत. एप्रिल २०१९ मध्ये वेबलॉजिकमधील एका गंभीर दोषासाठी ओरॅकलला नियमित वेळापत्रकाबाहेर तातडीची दुरुस्ती काढावी लागली होती.

एका शब्दाचा बदल

सध्या जुन्या प्रणालींपुढे एक वेगळीच अडचण उभी आहे. ओरॅकलने २०१७ मध्ये जावा ईई हे मानक एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपविण्याचे ठरविले. परंतु नाव वापरण्याचा अधिकार दिला नाही. परिणामी डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या जकार्ता ईई ९ मध्ये आज्ञावलीतील ‘जावाएक्स’ ने सुरू होणारी मानकाची नावे ‘जकार्ता’ ने सुरू करावी लागली. काम तेच, पण नाव निराळे. आणि संगणकाला नावाखेरीज दुसरी ओळख नसते. टॉमकॅट ९ वर सुरळीत चालणारी आज्ञावली टॉमकॅट १० वर जशीच्या तशी चालत नाही. ती रूपांतरित करण्याचे साधन अपाचीने दिले आहे. वेबस्फिअरची जुनी रचना जावा ईई ७ वरच थांबली आहे. नव्या मानकासाठी आयबीएम लिबर्टीकडे बोट दाखविते. लिबर्टीत जुने व नवे दोन्ही भाग उपलब्ध असल्यामुळे जुनी आज्ञावली तेथे काही काळ न बदलता चालविता येते. दहा-पंधरा वर्षांच्या प्रणाली सांभाळणाऱ्या कार्यालयांच्या दृष्टीने, वेगाच्या तक्त्यांपेक्षा हा गुण मोलाचा म्हणावा लागेल.

नवी प्रणाली घेताना निविदेत सर्व्हरचे नाव लिहिण्याऐवजी मानकाची आवृत्ती लिहावी. आज्ञावलीच्या पोटात कोणते सर्व्हर व इतर घटक आहेत, त्यांची आवृत्त्यांसह यादी पुरवठादाराकडून लेखी घ्यावी आणि त्यांच्या दुरुस्त्या कोण, किती दिवसांत बसविणार, हे करारात नमूद करावे. अंतिम देयकापूर्वी तीच आज्ञावली दुसऱ्या एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर चालवून दाखविण्याची अटही घालता येते. ती पहिल्याच प्रयत्नात चालेल असे नाही. पण कोठे अडते याची नोंद होते, आणि ती नोंद पुरवठादार अद्याप कार्यालयात येत-जात असतानाच हाती पडते.