कर्णबधिर मुलांचे डोळे



चाकणजवळच्या एका वीटभट्टीवर काम करणाऱ्या कातकरी जोडप्याचा मुलगा जन्मापासून बहिरा. त्याला कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत प्रवेश मिळाला तेव्हा आम्हा सर्वांना हायसे वाटले. वर्षभराने बाई म्हणाल्या, "तो खुणांकडे लक्षच देत नाही." मलाही तो हट्टी वाटला होता, हे कबूल करते. पुढे डोळे तपासले तेव्हा कळले की फळ्यापाशी उभ्या असलेल्या बाईंचे ओठ आणि बोटे त्याला नीट दिसतच नव्हती.

असे मूल एखादेच असेल असे समजू नका. पुण्याच्या ह. वि. देसाई नेत्र रुग्णालयातील डॉक्टरांनी पुणे जिल्ह्यातील १४ विशेष शाळांतील ९०१ कर्णबधिर विद्यार्थ्यांचे डोळे तपासले. त्यांचा लेख २००९ साली प्रसिद्ध झाला. २१६ मुलांना डोळ्यांचा काही ना काही त्रास निघाला. १६७ जणांना चष्म्याचा नंबर होता आणि योग्य चष्मा होता फक्त १० जणांकडे! ५० मुलांची नजर फारच अधू होती. चष्मा दिल्यावर तशी तीनच उरली.

काही कारणे कान आणि डोळे दोन्हींवर घाला घालतात. गरोदरपणी आईला रुबेला झाला तर बाळ बहिरे जन्मू शकते, त्याला मोतीबिंदूही असू शकतो. म्हणून गोवर-रुबेलाची लस चुकवू नये. अशर नावाच्या आनुवंशिक आजारात ऐकू येत नाहीच, पण वाढत्या वयात रात्रीचे दिसणे कमी होते, मग बाजूचे. दिवेलागणीनंतर मूल ठेचकाळू लागले तर त्याला धांदरट म्हणू नका, डॉक्टरांकडे न्या.

बोलता न येणाऱ्या मुलाची तपासणी कशी करणार, असे पालक विचारतात. तक्त्यावरच्या इंग्रजी 'ई'ची तोंडे कुठल्या दिशेला आहेत ते मूल बोटांनी दाखवते, एवढे पुरते. मात्र खोलीतला दिवा घालवण्याआधी पुढे काय होणार ते त्याला खुणांनी सांगावे लागते; अंधारात त्याच्याशी बोलणेच बंद पडते. बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांनी काही तास जवळचे धूसर दिसते, तेही आधी सांगावे, नाहीतर मूल घाबरते.

काही सभासद घरातले जुने चष्मे पाठवतात. भावना कळते, पण दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा या मुलांच्या कामाचा नाही. शिवाय श्रवणयंत्र आणि चष्म्याची काडी दोन्ही एकाच कानामागे बसवायची असतात, त्यामुळे बारीक काडीची फ्रेम मापाने घ्यावी लागते. पावसाळ्यात भट्ट्या बंद होऊन कुटुंबे गावी परततात, म्हणून भट्टीवरच्या मुलांची तपासणी त्याआधी उरकायला हवी. त्या दिवशी गाडी घेऊन कोणी येऊ शकले तर फार मदत होईल.

आमचा मुलगा आता मागच्या बाकावर बसून चार बाके पुढच्या मित्राशी खुणांनी गप्पा मारतो. बाईंची सध्याची तक्रार तीच आहे.