बारा व्होल्टांत बास कुठून येणार?

गाडीतल्या स्टिरिओच्या खोक्यावर ‘५० वॉट × ४’ असं ठसठशीत छापलेलं असतं. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. इंजिन चालू असताना अल्टरनेटर तो आकडा फार तर १४.४ पर्यंत नेतो. स्पीकर असतो ४ ओहमचा. शाळेतलं सूत्र लावू: व्होल्टचा वर्ग भागिले ओहम. १४.४ चा वर्ग साधारण २०७, त्याला ४ ने भागलं की ५२ वॉट. म्हणजे छापलेला आकडा खरा? मेख अशी, की स्पीकरवर सतत पूर्ण १४.४ व्होल्ट आहेत असं या गणितात गृहीत धरलं आहे. स्वराची लहर शून्यातून चढते, शिखर गाठते आणि लगेच उतरते. तिचा हिशेब बरोबर निम्म्यावर, २६ वॉटवर येतो. ट्रान्झिस्टर थोडे व्होल्ट स्वतःच खातात. ते वजा जाता स्वच्छ आवाजाचे वीसेक वॉट हाती उरतात.

गळ्याला, बासरीला, सतारीला एवढे वॉट पुष्कळ झाले. अडतं ते खर्जापाशी, आणि त्यात पहिला अडथळा आपल्या कानाचाच असतो. बेल लॅबोरेटरीजमधल्या हार्वी फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी वेगवेगळ्या वारंवारितेचे स्वर माणसांना ऐकवून कोणता किती मोठा वाटतो, याचे आलेख १९३३ साली प्रसिद्ध केले. या आलेखांची सुधारलेली आवृत्ती आज आंतरराष्ट्रीय मानक म्हणून वापरली जाते. तिच्यानुसार १,००० हर्ट्झचा स्वर ४० डेसिबलला जेवढा मोठा वाटतो, तेवढाच मोठा वाटण्यासाठी ५० हर्ट्झचा स्वर ७८ डेसिबलच्या आसपास न्यावा लागतो. ध्वनिशक्तीत हा फरक सहा हजार पटींहून अधिक आहे. आवाज वाढवला की ही दरी कमी होते, म्हणूनच हळू लावलेलं गाणं पोकळ वाटतं.

दुसरा अडथळा हवेचा. आवाजाची पातळी तीच ठेवून वारंवारिता निम्मी केली, तर स्पीकरच्या पडद्याला चौपट अंतर पुढेमागे जावं लागतं. १६० हर्ट्झला अर्धा मिलिमीटर हलणारा पडदा ४० हर्ट्झला आठ मिलिमीटर हलला पाहिजे. दारातल्या साडेसहा इंची स्पीकरची झेप जेमतेम तीन-चार मिलिमीटरची असते. खास खर्जासाठी बनवलेल्या बारा इंची सबवूफरच्या पडद्याचं क्षेत्रफळ त्याच्या जवळजवळ चौपट असतं आणि तो दोन्ही बाजूंना सहज सेंटीमीटरभर जातो. म्हणजे एका फेऱ्यात तो दारातल्या स्पीकरच्या दहापट तरी हवा ढकलतो.

नुसती हवा ढकलूनही भागत नाही. पडदा पुढे आला की समोर दाब वाढतो आणि मागे तेवढाच घटतो. उघड्यावर ठेवलेल्या सबवूफरची पुढची हवा कडेने वळून मागची पोकळी भरते आणि खर्ज जागीच विरतो. पुढची आणि मागची हवा वेगळी ठेवणं हे खोक्याचं पहिलं काम. खोक्यात कोंडलेली हवा पडद्याला स्प्रिंगसारखं मागेही रेटते, त्यामुळे खोकं किती लिटरचं हा प्रश्न सुतारकामाचा न राहता ध्वनिशास्त्राचा होतो. हे गणित ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ साली मांडलं आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सिडनी विद्यापीठात रिचर्ड स्मॉल यांनी पूर्णत्वाला नेलं. सबवूफरच्या माहितीपत्रकात ‘थील-स्मॉल’ आकडे असतात, ते हेच. खोकं बंद असेल तर बास आटोपशीर, नेमका येतो. नळी बसवलेलं खोकं तेवढ्याच वॉटमध्ये ठरावीक पट्ट्यात जास्त घुमतं. मात्र नळीच्या ठरलेल्या वारंवारितेच्या खाली हवेचा आधार सुटतो आणि पडदा बेलगाम हलू लागतो. म्हणून तयार खोकं घेताना डिकीत मावतं का, एवढंच पाहून चालत नाही.

आता या अवजड पडद्याला हलवायचं कसं? ४ ओहमच्या सबवूफरला खरे ३०० वॉट द्यायचे तर लहरीचं शिखर ४९ व्होल्टपर्यंत जायला हवं. बॅटरीकडे आहेत १२. म्हणून गाडीच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आधी एक वेगळंच विद्युतमंडल काम करतं: ते बॅटरीचा वीजप्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून, ट्रान्सफॉर्मरमधून नेऊन, व्होल्ट चढवतो. पण व्होल्ट चढले तरी वॉट फुकट मिळत नाहीत, त्यांची किंमत अँपिअरमध्ये मोजावी लागते. आजच्या ‘क्लास डी’ अ‍ॅम्पची कार्यक्षमता ८० टक्के धरली, तरी ३०० वॉटच्या ठोक्याला बॅटरीतून सुमारे २७ अँपिअर ओढले जातात. दोन हॅलोजन हेडलाइट मिळून दहाच्या आतबाहेर घेतात. ठोक्यासरशी हेडलाइट मिणमिणतात ते यामुळे.

खरं पाणी मुरतं ते वायरीत. बॉनेटपासून डिकीपर्यंत पाच मीटर वायर लागते. ४ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीतून २७ अँपिअर गेले तर वाटेतच अर्ध्या व्होल्टहून जास्त गळती होते. १६ चौरस मिलिमीटरच्या वायरीत ती दीड दशांशावर येते. बाजारात स्वस्तात मिळणारी ‘सीसीए’ वायर दिसते तांब्याची, पण आत अ‍ॅल्युमिनियम असतं आणि त्याची वाहकता तांब्याच्या साठ टक्क्यांच्या घरात. जाड प्लॅस्टिकचं वेष्टण पाहून फसू नये, आतली तार पाहावी.

या वायरीवरचा फ्यूज अ‍ॅम्पसाठी असतो असा सर्रास समज आहे. तो असतो वायरीसाठी. इंजिनाच्या खोलीतून आत येताना वायर पत्र्याच्या भोकातून जाते. तिथे रबरी ग्रोमेट नसेल तर धक्क्यांनी वेष्टण झिजतं आणि पॉझिटिव्ह वायर गाडीच्या बॉडीला, म्हणजेच निगेटिव्हला टेकते. बॅटरी त्या क्षणी शेकडो अँपिअर ओतू शकते. वायर लाल होते आणि भोवतालचं फोम पेटतं. फ्यूज डिकीत अ‍ॅम्पजवळ असला तर अलीकडची सगळी वायर उघडीच राहिली. म्हणून तो बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा. निगेटिव्ह वायरही तितकीच जाड हवी आणि रंग खरवडून उघड्या केलेल्या पत्र्यावर कसलेली हवी. हा जोड कच्चा राहिला, की अ‍ॅक्सिलरेटर दाबताच गाण्यात चढत जाणारी शिट्टी ऐकू येऊ शकते.

एवढा खटाटोप करून सबवूफर डिकीत, म्हणजे पाठीमागे, तरी बास समोरून येतोय असंच वाटतं. दोन कानांवर आवाज पोहोचण्यातल्या फरकावरून मेंदू दिशा ठरवतो. ८० हर्ट्झची तरंगलांबी ४.३ मीटर, वीतभर रुंदीच्या डोक्याच्या दोन बाजूंना त्या लहरीत फरक जवळजवळ पडतच नाही. म्हणून अ‍ॅम्पवरचा ‘लो पास’, म्हणजे फक्त खालचे सूर पुढे सोडणारा, फिल्टर ८० च्या आसपास ठेवतात. तो बराच वर नेला तर पुरुषी आवाज डिकीतून बोलू लागतात.

लहान हॅचबॅकची केबिन तर इथे मदतीलाच येते. तिच्या आतली लांबी अडीच मीटरच्या आसपास. ७० हर्ट्झच्या खाली लहरीचा अर्धा भागही तिच्यात मावत नाही. मग सगळी हवा भात्यासारखी एकदम दाबली आणि सोडली जाते आणि जसजसं खाली जावं तसतसा दाब वाढत जातो. काच खाली केली की हा फायदा निसटतो.

बसवून झाल्यावर सगळ्यात जास्त छळ होतो तो ‘गेन’च्या बटणाचा. ते आवाजाचं बटण नव्हे. स्टिरिओकडून येणारे व्होल्ट आणि अ‍ॅम्पची कुवत यांचा मेळ घालणारं ते बटण आहे. ते कुवतीपलीकडे फिरवलं की लहरीची शिखरं कापली जाऊन सपाट होतात. सपाट लहर गोलाईच्या लहरीच्या दुप्पट वॉट वाहून नेते, हे आपण ५२ आणि २६ च्या हिशेबात पाहिलंच. ती जादा उष्णता सबवूफरच्या तारेच्या वेटोळ्यात साठते आणि वेटोळं जळतं.

तेव्हा दुकानात ‘किती वॉटचा?’ हा प्रश्न शेवटी विचारावा. आधी आरएमएस (म्हणजे सतत मिळणारे खरे) वॉट किती, वायर किती चौरस मिलिमीटरची, तांब्याची की सीसीए, फ्यूज कुठे आणि खोकं किती लिटरचं, हे विचारावं. बजेट तुटपुंजं असेल तर अ‍ॅम्प एक पायरी लहान घ्यावा, वायर नाही. आणि सिग्नलला थांबल्यावर काचा वर असल्या तरी एक ध्यानात ठेवावं: काच आणि पत्रा वरचे सूर अडवतात, खर्ज त्यांना जुमानत नाही. शेजारच्या रिक्षावाल्याला आपलं गाणं कधीच ऐकू जात नाही, त्याच्या वाट्याला येते ती फक्त धडधड.