क्रूझनंतरचा परतीचा रस्ता : कोची ते कोल्हापूर

क्रूझची सहल ठरविताना आपण जहाजावरील दिवसांचा बारकाईने विचार करतो. परतीचा प्रवास मात्र ‘बघू पुढे’ म्हणून सोडून देतो. मुंबईहून कोचीपर्यंतची एकेरी सागरी सफर केल्यावर विमानाने त्याच दिवशी घर गाठता येते. परंतु वडीलधारी मंडळी सोबत असतील आणि दुकानातून आणखी आठवडाभराची सवड काढता येत असेल, तर समुद्राच्या काठाकाठाने मोटारीने परतणे हा सहलीचा सुंदर उत्तरार्ध ठरतो. अट एकच : हा प्रवास किलोमीटरांत न मोजता उजेडाच्या तासांत मोजावा.

डिसेंबरात या किनाऱ्यावर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. चौविहार पाळायचा तर पाचपर्यंत मुक्कामी पोहोचले पाहिजे. सकाळी आठला निघाल्यास हाती नऊ तास येतात. दुपारचे भोजन, ज्येष्ठांची विश्रांती आणि दर्शन वजा जाता गाडी चालविण्यास पाच तास उरतात. राष्ट्रीय महामार्ग ६६ गावांतून, पुलांवरून आणि रुंदीकरणाच्या कामांतून जातो. म्हणून ताशी सरासरी चाळीस किलोमीटरच धरावेत. याचा अर्थ, दिवसाला दोनशे किलोमीटर. अनोळखी घाटात रात्री गाडी चालवू नये, हे सुरक्षिततेचे सूत्रही यातच पाळले जाते.

या हिशेबाने सुमारे अकराशे किलोमीटरांची आखणी अशी करता येईल.

पहिला दिवस कोचीतच काढावा. जहाजातून उतरणे, सामान मिळणे यांत सकाळ जाते. शिवाय काही दिवस पाण्यावर राहिलेल्या माणसाला जमिनीवरही काही काळ डोलल्यासारखे वाटते. अशा वेळी त्याने गाडी हाती घेऊ नये. दुपारी मट्टनचेरीतील धर्मनाथ मंदिराचे दर्शन घ्यावे. मसाल्यांच्या व्यापारासाठी आलेल्या गुजराती कुटुंबांची जुनी वस्ती येथेच आहे.

दुसऱ्या दिवशी कोळिकोड. तिसऱ्या दिवशी बेकलचा किल्ला पाहून कासरगोडला मुक्काम.

चौथा दिवस दर्शनासाठी. मंगळूरहून मूडबिद्रीला यावे. तेथील हजार खांबांच्या बसदीचे बांधकाम १४३० सालचे. धवला ग्रंथाच्या ताडपत्रांवरील प्राचीन प्रती शतकानुशतके याच गावाने जपल्या. पुढे वेणूर येथे १६०४ साली प्रतिष्ठापित झालेली सुमारे ३५ फुटी बाहुबलींची मूर्ती आणि कारकळच्या टेकडीवर १४३२ सालची सुमारे ४२ फुटी मूर्ती आहे. कारकळच्या पायऱ्या ज्येष्ठांनी ऊन उतरल्यावर, सावकाश चढाव्यात. मुक्काम कारकळलाच ठेवावा.

पाचव्या दिवशी उडुपीमार्गे मुरुडेश्वर. वाटेत मरवंते येथे महामार्गाच्या एका हाताला अरबी समुद्र आणि दुसऱ्या हाताला सौपर्णिका नदी दिसते. येथे अर्धा तास तरी थांबावे. सहाव्या दिवशी अंकोल्याहून किनारा सोडून अरबैल घाटाने यल्लापूरमार्गे हुबळी. हा टप्पा सर्वांत दमविणारा असून घाटात मालमोटारींची वर्दळ असते. म्हणून सकाळी तासभर आधी निघावे. सातव्या दिवशी बेळगावच्या किल्ल्यातील कमल बसदी पाहून, निपाणीजवळ स्तवनिधीचे दर्शन घेऊन कोल्हापूर.

आता खर्चाची बाजू. भाड्याची गाडी एकेरी प्रवासासाठी घेतली तरी ती कोचीला रिकामी परतणार, त्याचे पैसे बहुधा आपल्याकडूनच घेतले जातात. म्हणून ‘दर किलोमीटरला किती’ एवढेच विचारू नये. परतीचे किलोमीटर, चालकाचा दैनिक भत्ता व मुक्काम, पथकर आणि केरळ, कर्नाटक, महाराष्ट्र या तीन राज्यांचे परवाने व कर कोणाकडे, हे निघण्यापूर्वी लेखी घ्यावे. घरची गाडी विश्वासू चालकाबरोबर कोचीला मागविणे किती स्वस्त पडते, तेही ताडून पाहावे. मोठ्या कुटुंबाला अनेकदा तेच परवडते.

भोजनाची चिंता उडुपीच्या परिसरात फारशी नाही. मात्र कांदा-लसूण व कंदमुळे नकोत, हे मुक्कामाच्या ठिकाणी आदल्या दिवशीच कळवावे. उत्तर केरळात दोन दिवस पुरेल इतका खाखरा, दशम्या आणि कोरडी चटणी जवळ असावी. ज्येष्ठांची औषधे सामानाच्या पेटीत न ठेवता हातपिशवीत ठेवावीत.

शेवटी, एक दिवस राखीव ठेवावा. बँक ज्याप्रमाणे सर्व ठेवी कर्जाऊ देत नाही, त्याप्रमाणे रजेचे सर्व दिवस रस्त्याला देऊ नयेत. आईला बरे वाटेनासे झाले, गाडी नादुरुस्त झाली किंवा कारकळला आणखी एक सकाळ घालवावीशी वाटली, तर हा दिवस कामी येतो. तो न लागल्यास घरी आराम करून दुसऱ्या दिवशी ताज्या मनाने दुकान उघडावे. घाईने वाचविलेला एक दिवस थकलेल्या चालकाच्या हाती सारे कुटुंब सोपवतो. व्यापाऱ्याच्या कोणत्याही वहीत तो सौदा फायद्याचा ठरत नाही.