वायरमन घरी यायचा आहे

मराठी शिकवणाऱ्यांना एक खोड असते. घरात नवी वस्तू आली की तिच्यासाठी शब्द कोणता आला, हे आम्ही आधी पाहतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या कागदोपत्री विजेचे काम करणाऱ्यांसाठी दोन शब्द आहेत : वीजतंत्री आणि तारतंत्री. दोन्हींचे अभ्यासक्रम वेगळे, दोन्ही दोन-दोन वर्षांचे. शब्दही वाईट नाहीत. परंतु “अहो, पंखा फिरत नाही, जरा तारतंत्र्यांना निरोप धाडा,” असे म्हणणारी गृहिणी मला अद्याप भेटायची आहे. आपल्या घरात शब्द एकच, वायरमन. तो इतका आपला झाला आहे की त्याचे मूळ इंग्रजीत आहे हेही कोणाच्या ध्यानात येत नाही.

शब्द आपला झाला, पण माणसाशी आपला परिचय किती? वाण्याला आपण महिन्यातून एकदा तरी भेटतो, डॉक्टरांकडे सर्दी-पडशाला जातो. वायरमनची आठवण मात्र अंधार पडल्यावर होते, किंवा मग धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी. आकाशकंदिलाला जोडणी हवी, गॅलरीत माळा सोडायच्या, दिवाणखान्यातली ट्यूब लुकलुकते आहे आणि पाहुणे तर उद्याच यायचे आहेत. त्या दिवशी साऱ्या गल्लीला तोच एक माणूस हवा असतो. तो धावतपळत येतो, तात्पुरती एक वायर ओढतो आणि “दिवाळीनंतर नीट करून देतो” म्हणून जातो. दिवाळी सरते, तात्पुरती वायर पुढल्या दिवाळीपर्यंत राहते.

आता आपल्या घरांचा थोडा हिशेब मांडू. सन १९७० च्या आगेमागे बांधलेल्या मध्यमवर्गीय बिऱ्हाडात विजेचे काम ते काय असे? चारपाच दिवे, एकदोन पंखे, एक रेडिओ आणि अधूनमधून इस्त्री. साठ वॅटचा दिवा २३० व्होल्टवर सुमारे पाव अँपिअर प्रवाह घेतो, साडेसातशे वॅटची इस्त्री सव्वातीन अँपिअर. भिंतीवरच्या लाकडी पट्टीतून गेलेल्या तारांना एवढा भार सहज पेलत असे. आज त्याच खोल्यांत दोन हजार वॅटचा गिझर आहे, आणि तो एकटाच पावणेनऊ अँपिअर ओढतो. त्याच्या जोडीला वॉशिंग मशीन, फ्रीज, मायक्रोवेव्ह, निजायच्या खोलीतला एसी आणि इंडक्शनची शेगडी. घराला रंग तीनदा लागला, फरश्या दोनदा बदलल्या, स्वयंपाकाचा ओटा नवा झाला. कित्येक घरांत तारा मात्र आजोबांच्या वेळच्याच आहेत.

तारेचा स्वभाव असा की प्रवाह दुप्पट झाला की तिच्यात निर्माण होणारी उष्णता चौपट होते. म्हणून हल्ली घराचे वायरिंग करताना दिव्यांसाठी दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार वापरतात आणि गिझर किंवा एसीसाठी चार चौरस मिलिमीटरची वेगळी तार थेट मेन बोर्डापासून आणतात. दिव्याच्या तारेवर गिझर लादला तर पहिल्या दिवशी काहीच होत नाही. तार आतल्या आत तापत राहते, तिच्यावरचे वेष्टण कडक होऊन तडकते. मग बोर्डाची पाटी पिवळी पडते, पिन काढताना हाताला गरम लागते, कधी जळकट वास येतो. ही घराची दुखणी आहेत, आणि ती वायरमनला दिवे चालू असतानाच सांगायची असतात.

यापेक्षाही गंभीर दुखणे असते ते मात्र डोळ्यांना दिसतच नाही. आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक कुटुंब राहते. त्यांच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाई गेल्या हिवाळ्यात दोनचार वेळा म्हणाल्या, “ताई, नळाला हात लावला की मुंग्या येतात.” घरच्यांनी नळाला हात लावून पाहिला. कोणालाही काही जाणवले नाही. थंडीने हात बधिर होत असतील, अशी त्यांची समजूत घालून विषय संपला. पुढे एक दिवस पंख्याचा रेग्युलेटर बदलायला वायरमन आला. मी त्या वेळी काही कामानिमित्त तेथेच बसले होते. बाईंचे पुटपुटणे त्याच्या कानावर पडले आणि तो घोड्यावरून खाली उतरला.

“मावशी, मुंग्या कधी येतात? गिझर चालू असताना, का कधीही?”

बाईंनी क्षणभर आठवले. “सकाळीच येतात. गिझर लावलेला असतो तेव्हा.”

त्याने मेन बंद केला, टेस्टर लावून बंद झाल्याची खात्री केली आणि गिझरच्या बोर्डाची पाटी उघडली. आत तीन तारा असायला हव्या होत्या. लाल आणि काळी जोडलेली होती. तिसरी, हिरवी, तोडून तिच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळलेली होती. काही वर्षांपूर्वी न्हाणीघरात फरश्या बसवल्या तेव्हा बोर्ड वीतभर सरकवला होता. हिरवी तार पुरली नसावी. ती जोडली काय, न जोडली काय, पाणी तापतच होते.

घरमालकीणबाईंनीही नेमके तेच विचारले. “पण गिझर चालतोय की! पाणी चांगलं गरम होतं.”

“पाणी गरम होतंय, म्हणून तर कळलं नाही,” तो म्हणाला.

घडले होते ते असे. गिझरमधल्या तापणाऱ्या कांबीचे आवरण खराब झाले होते आणि वीज टाकीच्या पत्र्यात उतरत होती. हिरवी तार शाबूत असती तर ती वीज जमिनीत निघून गेली असती. ती वाट तुटल्यामुळे ती लोखंडी नळात आली आणि जमिनीत जाण्यासाठी दुसरी वाट शोधत राहिली. घरची मंडळी पायांत सपाता घालून कोरड्या लादीवर उभी राहिली, म्हणून त्यांना काही जाणवले नाही. बाई ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या राहत. वाट त्यांच्या अंगातून जात होती. कांबीचे आवरण आणखी थोडे फाटले असते तर मुंग्यांवर भागले नसते.

आता कोणीही विचारील, की मग फ्यूज का उडाला नाही? आपल्यातल्या पुष्कळ शहाण्यासुरत्या माणसांचा गैरसमज येथेच असतो. फ्यूज असो की आजचा एमसीबी असो, तो तारेचा राखणदार आहे, माणसाचा नव्हे. सोळा अँपिअरचा एमसीबी तारेतून सोळाहून पुरेसा अधिक प्रवाह वाहू लागला तरच पडतो. माणसाच्या हृदयाची लय बिघडवायला याच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी प्रवाह पुरतो. साठ वॅटच्या साध्या दिव्यातून जेवढा प्रवाह जातो, तेवढा छातीतून गेला तर प्राणावर बेतते आणि एमसीबी आपल्या जागी निश्चिंत असतो.

माणसाचा राखणदार वेगळा, त्याला आरसीसीबी म्हणतात. एका तारेने घरात गेलेला प्रवाह दुसऱ्या तारेने तितकाच परत आला की नाही, हे तो पाहत असतो. घरासाठी जो लावतात तो ३० मिलिअँपिअरचा, म्हणजे त्या साठ वॅटच्या दिव्याच्या प्रवाहाच्या सुमारे नवव्या हिश्शाचा. एवढी गळती झाली, की क्षणार्धात तो वीज तोडतो. अर्थात तो काही देव नव्हे. एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरणाऱ्याला तो वाचवू शकत नाही. गेलेले सगळे परत येते, त्यामुळे त्याला गळती दिसतच नाही. आणि तो आहे म्हणून हिरव्या तारेची गरज सरत नाही. हिरवी तार असली तर बिघाड होताच तो पडतो. ती नसली तर कोणाचा तरी हात लागेपर्यंत थांबतो.

या हिरव्या तारेची कहाणी इमारतीच्या तळाशी संपते. जमिनीत खड्डा खणून धातूचा पत्रा किंवा नळी पुरलेली असते, भोवती कोळसा आणि मीठ. माती ओली असली तर वीज तेथे सुखाने मुरते, म्हणून उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी घालण्याची जुनी रीत आहे. तिपेडी पिनेचा वरचा दांडा इतर दोहोंपेक्षा लांब असतो तो याच कारणाने : पिन खोचताना जमिनीशी संबंध सर्वांत आधी जुळावा आणि काढताना सर्वांत शेवटी तुटावा. आपण मात्र पिन बसत नाही म्हणून तो दांडा मोडून टाकणारी माणसे पाहिलेली आहेत.

तेव्हा वायरमन कसा ओळखावा? कायद्याचे उत्तर सरळ आहे. दिवा, पंखा, फ्यूज, बटण बदलणे यांसारख्या, जोडणीची क्षमता वा रचना न बदलणाऱ्या कामांना मोकळीक आहे. बाकी नवी जोडणी, वाढ, फेरफार ही कामे राज्य सरकारचा परवाना असलेल्या विद्युत कंत्राटदाराकडूनच, पात्र पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली व्हायला हवीत. हे १९५६ च्या भारतीय वीज नियमांत होते आणि पुढे केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०१० च्या व २०२३ च्या विनियमांतही आले. म्हणून घरभर तारा बदलायच्या असतील तर परवाना दाखवा म्हणायला संकोच करू नये. चांगला कंत्राटदार त्याने रागावत नाही.

परवान्यापलीकडच्या खुणा त्याच्या हातांत दिसतात. चांगला वायरमन आधी विचारतो आणि मग पक्कड काढतो. मेन बंद केल्यावरही तो टेस्टर लावतो; पण त्याआधी तोच टेस्टर चालू जागी पेटतो का, हे पाहून घेतो. घरात इन्व्हर्टर आहे का, हे तो न चुकता विचारतो, कारण मेन बंद केला तरी इन्व्हर्टरवरच्या तारा जिवंत राहतात. बटण फेजच्या तारेवर आहे की न्यूट्रलच्या, हे तो तपासतो. न्यूट्रलवर असले तर दिवा विझतो, होल्डर मात्र जिवंत राहतो, आणि बल्ब बदलणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. जाताना तो बोर्डावर कोणता एमसीबी कशाचा, हे लिहून ठेवतो.

वाईट वायरमनची खूण तर याहून सोपी आहे. एमसीबी वारंवार पडतो अशी तक्रार केली की तो दहाच्या जागी वीसचा बसवतो, आणि आरसीसीबी पडू लागला की तो काढून टाकतो. घरात पुन्हा उजेड होतो, गृहस्थ संतुष्ट होतो, आणि राखणदार भुंकतो म्हणून त्यालाच घालवून दिल्यासारखे होते.

परंतु सगळा दोष त्याच्या माथी मारणे न्यायाचे नाही. आपण त्याला काय मागतो, हेही पाहिले पाहिजे. दिवाणखान्यातल्या झुंबराला आपण हजारो रुपये घासाघीस न करता देतो, आणि भिंतीत जाणाऱ्या तारेला “जरा स्वस्तातली घाला” म्हणतो. मेन बंद करतो म्हटले की कोणाची मालिका बुडते, कोणाची संगणकावरची सभा मोडते. “चालू लाईनवरच करा ना, तुम्हाला सवय आहे,” हे वाक्य किती सहज आपल्या तोंडून जाते! ती सवय म्हणजे रोज जिवाशी खेळ आहे. त्याच्याही घरी दिवाळी असते, आणि त्याने संध्याकाळी धडधाकट परत जावे म्हणून आपल्या घरात तासभर अंधार झाला तर काही बिघडत नाही.

म्हणून माझे सांगणे एवढेच, की वायरमनला दिवाळी तोंडावर असताना नव्हे, तर निवांत वेळी, दिवसाउजेडी बोलवावे. घरात कोणती यंत्रे आहेत, पुढे कोणती घ्यायची आहेत, याची यादी त्याच्या हाती द्यावी. प्रत्येक तिपेडी बोर्डात हिरवी तार जोडलेली आहे का, ते त्याच्याकडून तपासून घ्यावे. आयएसआय चिन्हाची तार आणि काम यांचा हिशेब लेखी घ्यावा, आणि झाल्यावर ठरले तेवढे पैसे द्यावेत. घरात ओल्या हातांनी वावरणारे जे कोणी असेल, त्याला अगर तिला, वायरमनसमोरच विचारावे, की कोठे मुंग्या येतात का.

दुसऱ्या मजल्यावर त्याच संध्याकाळी हिरवी तार जोडली गेली, आठवड्याच्या आत आरसीसीबी लागला आणि नवा गिझर आला. आरसीसीबीवर ‘टी’ अक्षराचे एक लहानसे बटण असते. ते दाबले की वीज तुटली पाहिजे. नाही तुटली तर राखणदार झोपला आहे असे समजावे. ते महिन्यातून एकदा दाबायचे असते. तुमच्या मेन बोर्डावर असे बटण आहे का, हे या अंकाचे पान मिटून एकदा पाहून या.