हरवलेले मांजर परत येते का?

घरातील मांजर दोन दिवस दिसले नाही, की आपल्या कोरपन्यासारख्या गावात दोनच उत्तरे कानी पडतात. कुणी म्हणते, "येईल हो आपोआप, मांजराची जातच तशी." दुसरा म्हणतो, "आता कशाचे येते? कुत्र्यांनी नाही तर बिबट्याने नेले असेल." पहिले उत्तर माणसाला निश्चिंत करते, दुसरे निराश करते. परिणाम मात्र दोहोंचा एकच होतो: शोधायला कुणी उठत नाही. या दोन उत्तरांच्या मध्ये जी वस्तुस्थिती आहे, ती सुज्ञ वाचकांपुढे ठेवावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू.

तेलंगणाच्या सीमेलगतच्या आपल्या तालुक्यात मांजर शहरातल्यासारखे दाराआड राहत नाही. धान्याच्या आणि कापसाच्या खोलीत उंदीर होऊ नयेत म्हणून ते घरी येते आणि हळूहळू घरचे होऊन जाते. सकाळी वाटीभर दूध, दुपारी कवेलूंवर ऊन खाणे, रात्री पऱ्हाटीच्या ढिगात किंवा गुरांच्या कोठ्यात मुक्काम, असा त्याचा दिनक्रम. बाहेर असणे हीच त्याची रीत असल्यामुळे ते हरवले आहे, हे कळायलाच दोन दिवस जातात. आणि शोधाच्या दृष्टीने नेमके तेच दिवस मोलाचे असतात.

मांजर किती दूर जाते?

प्रामुख्याने अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथील नऊशेहून अधिक पाळीव मांजरांच्या गळ्यात उपग्रहाद्वारे स्थान कळवणारी यंत्रे बांधून केलेला अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. बहुतेक मांजरे आपल्या घरापासून शंभर मीटरच्या आतच वावरतात, असे त्यात दिसून आले. रात्र रात्र बाहेर राहणाऱ्या मांजराविषयी आपली जी कल्पना असते, तिच्या मानाने हे अंतर फारच थोडे आहे.

हरवलेल्या मांजरांविषयी ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली १२१० मांजरमालकांची माहिती मांडली. त्यांपैकी ३४ टक्के मांजरे पहिल्या सात दिवसांतच जिवंत सापडली. वर्षभरात हे प्रमाण ६१ टक्क्यांपर्यंत गेले. परंतु नव्वद दिवसांनंतर सापडलेल्यांची संख्या अगदी अल्प होती. सापडलेल्या मांजरांपैकी ७५ टक्के मांजरे जिथून निसटली, तिथून पाचशे मीटरच्या आत होती. ज्यांनी पायपीट करून कसून शोध घेतला, त्यांना मांजर जिवंत मिळण्याची शक्यता अधिक होती.

यापूर्वी २०१२ साली अमेरिकेत सुमारे एक हजार कुटुंबांची पाहणी झाली होती. तीत हरवलेल्या मांजरांपैकी साधारण तीन चतुर्थांश मांजरे परत मिळाली आणि मिळालेल्यांपैकी ५९ टक्के स्वतःहून घरी आली. म्हणजे "येईल आपोआप" हे उत्तर खोटे नाही, ते अपुरे आहे. जे मांजर पायांनी येऊ शकते ते येते. जे कुठे अडकले, जखमी झाले किंवा भेदरून बसले, त्याच्यापर्यंत आपल्यालाच जावे लागते.

न दिसण्याची कारणे

बोका आठ-आठ दिवस गायब होतो तो बहुधा मादीच्या शोधात किंवा दुसऱ्या बोक्याशी हद्दीच्या भांडणात. मांजरी गाभण असेल, तर सुमारे नऊ आठवड्यांनी ती आडोसा शोधते; पुढे काही दिवस केवळ खाण्यापुरती येते आणि धोका वाटला की पिलांची जागा बदलते. मांजर पिलांना सात घरे फिरवते, ही आपल्याकडची समजूत याच सवयीतून आली असावी.

तिसरे कारण कोंडले जाण्याचे. कापूस भरलेल्या खोलीत, कृषी केंद्राच्या गोदामात, बंद पडलेल्या घरात मांजर शिरते आणि मागाहून कुलूप लागते. बँकेतील नोकरीमुळे हे मला ठाऊक आहे. शनिवारी संध्याकाळी बंद केलेली जुन्या दप्तरांची खोली सोमवारी उघडली, की कधी कधी आतून मांजर बाणासारखे बाहेर पडे. चौथे कारण भीतीचे. दिवाळीचे फटाके, लग्नाचा बँड किंवा कुत्र्यांचा पाठलाग यांमुळे घाबरलेले मांजर जवळच्या सांदीत शिरते आणि मालकाची हाक ऐकूनही ओ देत नाही. लपून गप्प राहणे हाच त्याचा स्वसंरक्षणाचा उपाय असतो. त्या मौनाचा अर्थ आपण मात्र "इथे नाही" असा काढतो व पुढे जातो.

पाचवे कारण वाहनाचे. हिवाळ्यात गरम इंजिनाजवळ किंवा ताडपत्रीखाली झोपलेले मांजर वाहनासोबत परगावी पोचते. आपल्या भागात सिमेंटची वाहतूक रात्रंदिवस सुरू असल्यामुळे हे कारण दृष्टिआड करता येत नाही.

वाट ओळखण्याची शक्ती

कुत्रा माणसाला ओळखतो आणि मांजर घराला, असे म्हणतात. अमेरिकेतील प्राणिशास्त्रज्ञ फ्रान्सिस हेरिक यांनी १९२२ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. पिलांपासून दूर काही मैलांवर नेऊन सोडलेली मांजरी परत पिलांकडे आली, असे त्यांना आढळले. २०१२ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात प्रवासात हरवलेली होली नावाची मांजरी सुमारे दोनशे मैलांवरील आपल्या गावी दोन महिन्यांनी पोचली. ती अत्यंत कृश झाली होती. त्वचेखाली बसवलेल्या सूक्ष्म चिपमुळे तिची ओळख पटली. मांजर ही दिशा कशी ओळखते, याचा पूर्ण उलगडा विज्ञानाला अद्याप झालेला नाही.

याच शक्तीच्या भरवशावर आपल्याकडे एक वाईट प्रथा चालत आली आहे. पिले फार झाली किंवा मांजर दुधात तोंड घालू लागले, की त्याला पोत्यात घालून गावाबाहेर सोडायचे. मग काही परततात आणि त्यांचे कौतुक होते. न परतलेल्यांची आठवण कुणी काढत नाही. प्राण्याला उपासमार किंवा तहान भोगावी लागेल अशा स्थितीत योग्य कारणाशिवाय सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा आहे, हे येथे नमूद करणे आवश्यक वाटते.

आपल्या भागातील धोके

परदेशातील आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लागू पडणार नाहीत. मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या, भरधाव वाहने, उघड्या विहिरी आणि जंगलाची जवळीक हे आपले वास्तव आहे. बिबट्या गावालगत येतो तो बहुधा कुत्री, शेळ्या व मांजरे यांच्या मागे. सप्टेंबर २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यात मांजराचा पाठलाग करणारा बिबट्या विहिरीत पडला आणि त्याला काढण्यासाठी वनविभागाला यावे लागले. रात्री अंगणात वावरणारे मांजर अशा पाहुण्याला घरापर्यंत आणू शकते, हा विचार लहान मुले असलेल्या घरांनी अवश्य करावा.

शोध कसा घ्यावा?

एक रात्र मांजर जेवायला आले नाही, की दुसऱ्याच दिवशी शोध सुरू करावा. आधी स्वतःचे घर: माळा, कपाटामागील जागा, कोठा, कुटाराची खोली, पऱ्हाटीचा ढीग. मग दोन्ही बाजूंची व मागील आठ-दहा घरे. शेजाऱ्यांना "दिसले का?" एवढेच विचारून थांबू नये, "आपली खोली एकदा उघडून पाहता का?" अशी विनंती करावी. रात्री वर्दळ थांबल्यावर विजेरी घेऊन पुन्हा फिरावे, कारण अंधारात मांजराचे डोळे चमकतात. हाक हळू द्यावी, थोडे थांबावे, कान द्यावा. ज्याच्या हातून ते रोज खाते, त्यानेच हाक देणे उत्तम. मांजराचे छायाचित्र गल्लीच्या व्हॉट्सॲप समूहावर आणि किराणा दुकानात द्यावे. दूधवाला व वृत्तपत्र टाकणारा मुलगा यांनाही सांगून ठेवावे.

मात्र एक मर्यादा कधीही ओलांडू नये. ९ एप्रिल २०२४ रोजी, ऐन गुढीपाडव्याला, तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील वाकडी (ता. नेवासा) येथे गोबरगॅसचा खड्डा म्हणून वापरलेल्या जुन्या विहिरीत एक मांजर पडले. त्याला वाचवण्यासाठी एकामागून एक सहा जण उतरले आणि त्यांतील पाच जण प्राणास मुकले. कमरेला दोर बांधून उतरलेला एकटा वाचला. अशा खड्ड्यात विषारी वायू साचतो, प्राणवायू उरत नाही आणि उतरणारा क्षणात शुद्ध हरपतो. मांजर विहिरीत दिसले, तर दोराला टोपली किंवा क्रेट बांधून खाली सोडावे आणि ११२ वर कळवून मदत मागवावी. आत उतरू नये, दुसऱ्यालाही उतरू देऊ नये. दया आणि सावधपणा यांत विरोध नाही.

आत ठेवावे की मोकळे सोडावे?

सूर्यास्तापूर्वी मांजराला खाऊ घालून रात्रभर घरात ठेवण्याची सवय लावली, तर वरील धोके बरेच टळतात. आपल्या काही वाचकांना शंका येते की, हा अहिंसा अणुव्रताच्या अतिचारांपैकी 'बंध' तर होणार नाही? माझ्या अल्पमतीप्रमाणे, प्राण्याला क्लेश देण्यासाठी जखडणे आणि त्याच्या रक्षणासाठी रात्रीपुरते दार लावून घेणे यांत हेतूचा मोठा भेद आहे. शिवाय रात्री आत राहिलेले मांजर पक्षी, सरडे, खारी यांनाही अभय देते. त्याच अतिचारांत 'अन्नपाननिरोध' आहे; पोत्यात घालून रानात सोडलेल्या मांजराच्या वाट्याला तोच येतो. नसबंदीने बोक्याचे भटकणे कमी होते आणि नको असलेली पिलेही होत नाहीत. याविषयी घराघरांत मते वेगळी असणार. तो निर्णय प्रत्येक कुटुंबाने पशुवैद्यकांशी बोलून आणि आपल्या विवेकाला विचारून घ्यावा. नवे घर घेतले असल्यास मांजराला निदान दोन-तीन आठवडे बाहेर सोडू नये, नाहीतर ते जुन्या घराची वाट धरते. गळ्यात दूरध्वनी क्रमांक लिहिलेली हलकी पट्टी असावी. परंतु ती फांदीत अडकल्यास सहज तुटेल अशीच असावी.

थांबायचे केव्हा, हा सर्वांत अवघड प्रश्न. आकडे असे सांगतात की, पहिला आठवडा कसून शोधाचा, तीन महिने आशेचे. त्यानंतर मांजर आले तर तो योगायोग. घरातील मुले विचारतील, तेव्हा "ते मामाच्या गावाला गेले" असे सांगू नये. "आपण शोधले, मिळाले नाही" हे वाक्य मुले पचवू शकतात, मात्र आपण खरोखर शोधलेले असले पाहिजे. बोलता न येणारा जीव आपल्या दाराशी विसावला, की त्याची मोजदाद ठेवणे हे आपल्याकडे येते. रोज संध्याकाळी दिवा लावताना मांजर घरात आहे ना, एवढे पाहण्यास अर्धा मिनिटही लागत नाही.